चूल वेगळी केलीत, गणपती तरी एकच ठेवा: पॅक-१२ सोडून गेलेल्या दहा विद्यापीठांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, चान्सलर आणि बोर्डावरची सगळी मंडळी,
वॉशिंग्टन, ओरेगन, यूएससी, यूसीएलए, स्टॅनफर्ड, कॅल (म्हणजे बर्कली), ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा आणि कोलोराडो विद्यापीठ

सप्रेम नमस्कार,

पत्रास कारण की, पॅक-१२, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बारा विद्यापीठांचा खेळांचा गट, तुम्ही दहा जण सोडून गेलात, आणि ऑगस्ट २०२३ पासून जे मनात साठलंय ते एकदा बोलून टाकायचंय. मराठीत लिहितेय कारण जीव तुटतो तेव्हा मला इंग्लिश सुचत नाही, आणि तुमच्या कॅम्पसवर मराठी पोरं काही कमी नाहीत, सिएटल आणि बे एरियात तर तुमचे मराठी ॲलम्नाय ढिगानं आहेत, तुमच्याकडे फिया भरणारे मराठी आईबाप आहेत, त्यातलं कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच. आणि नाही दाखवलं तरी निदान त्यांनी तरी वाचावं, कारण हा विषय आपल्या लोकांमध्ये कोणी काढतच नाही, "फुटबॉलचं काय ते, पैशाचा खेळ" म्हणून सोडून देतात.

आधी मी कोण ते सांगते. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं पलूस. २००८ च्या ऑगस्टमध्ये मी एमएस करायला वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत आले, पुलमन नावाच्या गावात, आणि आल्यावर कळलं की या गावाच्या आजूबाजूच्या सगळ्या टेकड्यांच्या मुलखाला पलूस म्हणतात. स्पेलिंग वेगळं, पण उच्चार अगदी आमचाच. पुलमनच्या उत्तरेला पलूस नावाचं एक छोटं गाव पण आहे. नंतर आईबाबा आले तेव्हा बाबांनी त्या गावाच्या पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि तो घरी बैठकीत लावलाय, येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात, पोरगी पलूसातून पलूसातच गेली. बाबा शेतकरी माणूस, त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि गव्हाच्या रानात उतरून माती हातात घेऊन बघितली, आणि या गव्हाला पाणी देत नाहीत, नुसत्या पावसावर आणि बर्फावर येतो म्हटल्यावर किती तरी वेळ गप्पच उभे राहिले. असो. सांगायचं एवढंच की पुलमन म्हणजे तुमच्या टीव्हीवाल्यांच्या भाषेत छोटं मार्केट, पस्तीसेक हजाराच्या आतलं गाव, पण माझ्यासाठी ते दुसरं माहेर आहे, आणि त्या माहेराला तुम्ही वाऱ्यावर सोडून गेलात.

माझी पहिली मॅच ॲपल कप होती, २२ नोव्हेंबर २००८. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ॲपल कप म्हणजे वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट, हस्कीज विरुद्ध कूग्ज, सिएटल विरुद्ध पुलमन, १९०० सालापासून हे दोघं एकमेकांशी फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, खेळतायत आणि या राज्यात नवरा एकीकडचा बायको दुसरीकडची असली घरं शेकड्यानं आहेत. आता त्या वर्षीची गंमत बघा, हस्कीज दहाच्या दहा मॅच हरून आलेले आणि आमचे कूग्ज अकरापैकी दहा हरलेले. म्हणजे देशात त्या वर्षी यांच्याइतक्या वाईट टीम शोधून सापडल्या नसत्या. टीव्हीवाल्यांना विचारलं असतं तर त्या मॅचची किंमत शून्य. आणि तरी स्टेडियममध्ये लोक आलेले, थंडी मी म्हणत होती, माझ्या अंगावर रूममेटचं जॅकेट, आत दोन स्वेटर, आणि पार्किंगमध्ये एक म्हातारं शेतकरी जोडपं पिकअपच्या मागच्या बाजूला शेगडी मांडून बसलेलं. आम्ही दोघी नुसत्या तिथून चाललो होतो तर आजींनी हाक मारली आणि हातात गरम चिलीचे पेले दिले, मी मांस खात नाही म्हटल्यावर दुसऱ्या पातेल्यातलं नुसत्या राजम्याचं दिलं. आजोबांनी टेलगेटवर कागदी पेले उलटे मांडून मला खेळ समजावला, हे बघ पोरी, चार चान्स, दहा यार्ड, चारात दहा झाले की पुन्हा चार मिळतात, नाही झाले की बॉल समोरच्याचा. त्यांच्या वडिलांबरोबर ते लहानपणापासून ॲपल कप बघत आले होते. आम्ही जिंकणार का विचारलं तर म्हणाले, यंदा अवघड आहे पण यायचं असतं.

हे "यायचं असतं" मला लगेच कळलं. आमच्याकडे जत्रेला असंच जातात, पाऊस असो, पीक बुडालेलं असो.

त्या दिवशी अर्ध्या वेळेला आम्ही १०-० नं मागे होतो, शेवटच्या सेकंदाला फील्ड गोल मारून १०-१० केलं, मग ओव्हरटाइम, मग दुसरा ओव्हरटाइम, आणि दुसऱ्यात आमच्या किकरनं बॉल खांबांमधून घातला, १६-१३. पुढचं मला सलग आठवत नाही, सगळे मैदानात धावले म्हणून मी पण धावले, माझा एक हातमोजा तिथंच कुठेतरी पडला, आणि ज्या पोरींना मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं त्या माझ्या गळ्यात पडून रडत होत्या. हस्कीज त्या सीझनला एकही मॅच जिंकले नाहीत, आम्ही सबंध वर्षात दोन जिंकलो, त्यातली एक ही. पुलमनमध्ये अजून कोणाला विचारा, २००८ म्हटलं की चेहरा फुलतो.

मला तुम्हाला विचारायचंय, याचा भाव कुठल्या टीव्ही डीलमध्ये लागतो?

झालं काय ते वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. इथं कॉलेजच्या टीम ज्या गटात एकमेकांशी खेळतात त्याला कॉन्फरन्स म्हणतात. पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स १९१५ साली पोर्टलंडमधल्या एका हॉटेलात चार कॉलेजांनी सुरू केली, कॅल, वॉशिंग्टन, ओरेगन आणि आज जे ओरेगन स्टेट आहे ते. वॉशिंग्टन स्टेट १९१७ ला आलं, स्टॅनफर्ड त्याच्या पाठोपाठ. नावं बदलत गेली, पॅक-८, पॅक-१०, शेवटी २०११ ला पॅक-१२. शंभर वर्षांवर हा संसार चालला. मग ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलएनं जाहीर केलं की आम्ही बिग टेनमध्ये चाललो, जी मिडवेस्टची कॉन्फरन्स आहे, कारण बिग टेनला फॉक्स, सीबीएस, एनबीसीकडून सात वर्षांचे सात अब्ज डॉलरच्या वर मिळणार होते. वर्षभर उरलेले दहा जण एकमेकांना धरून राहू म्हणत राहिले. जुलै २०२३ ला कोलोराडो गेलं. आणि ४ ऑगस्ट २०२३, तो शुक्रवार मी विसरणार नाही, ॲपल कंपनीबरोबरच्या टीव्ही डीलवर त्या सकाळी सह्या होतील अशा बातम्या होत्या आणि संध्याकाळ व्हायच्या आत वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनला, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा बिग १२ ला. महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि कॅल एसीसीला, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्सला, पॅसिफिकच्या काठावर बसलेली कॉलेजं. मागे राहिले दोघंच, पुलमन आणि कॉर्व्हॅलिस, म्हणजे वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट.

मी एकतर्फी बोलणार नाही. आमच्या बाजूच्याही चुका आहेत आणि त्या बोलायलाच हव्यात. पॅक-१२ नं २०१२ ला स्वतःचं टीव्ही नेटवर्क काढलं, सगळी मालकी स्वतःकडे ठेवायची म्हणून, आणि डायरेक्ट टीव्ही या मोठ्या डिश कंपनीवर ते कधी दिसलंच नाही, लाखो घरांत आमच्या मॅच पोचल्याच नाहीत, सॅन फ्रान्सिस्कोत महागड्या ऑफिसचं भाडं मात्र भरत बसले. आणि २०२२ ला ईएसपीएन या खेळांच्या चॅनेलनं प्रत्येक कॉलेजमागे तीस मिलियनच्या आसपास देऊ केलेले असताना आमच्या मंडळींनी पन्नास मागितले असं तेव्हा बातम्यांमध्ये आलं होतं. त्या टेबलाभोवती आमचे अध्यक्ष पण बसलेले होते, ओरेगन स्टेटचे पण. तेव्हा दोष बाराही जणांचा. पण शिक्षा दोघांनाच झाली, आणि ती सुद्धा त्यांची टीम वाईट म्हणून नाही, त्यांचं गाव लहान म्हणून.

मुळात या टीव्हीच्या पैशाची सुरुवात १९८४ ला झाली. त्याआधी कोणाच्या किती मॅच टीव्हीवर दाखवायच्या ते एनसीएए, म्हणजे देशभरच्या कॉलेज खेळांची संस्था, ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी केस केली, सुप्रीम कोर्टानं ७-२ नं एनसीएएच्या विरुद्ध निकाल दिला, आणि तेव्हापासून ज्याचा माल त्यानं विकावा असं झालं. मला तो निकाल चूक वाटत नाही, मक्तेदारी वाईटच. पण एकदा विकायची मोकळीक मिळाल्यावर हळूहळू सगळंच विकायला निघालं, टेक्सासची साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ ला संपली, नेब्रास्का-ओक्लाहोमाची दरवर्षीची मॅच गेली, टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम २०११ नंतर तेरा वर्षं एकमेकांशी खेळले नाहीत, एकाच राज्यातले! ती मॅच २०२४ ला परत सुरू झाली तेव्हा मी माझा काही संबंध नसताना टीव्हीसमोर बसून बघितली.

आता जे लिहितेय ते खास ओरेगन विद्यापीठाच्या मंडळींनी नीट वाचावं. १९५९ मध्ये पण हेच झालं होतं. खेळाडूंना गुपचूप पैसे देण्याच्या भानगडीवरून जुनी पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स मोडली आणि पाच जणांनी नवी काढली, कॅल, यूएससी, यूसीएलए, वॉशिंग्टन आणि स्टॅनफर्ड. मागे कोण राहिलं? वॉशिंग्टन स्टेट, ओरेगन स्टेट, आयडाहो, आणि तुम्ही. हो, तुम्ही, ओरेगन. तेव्हा तुम्ही पण बाहेरच होतात, आमच्याबरोबर. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ ला आत घेतलं, तुम्हाला आणि ओरेगन स्टेटला १९६४ ला, आणि आयडाहोला कधीच घेतलं नाही. आयडाहो विद्यापीठ पुलमनहून तेरा किलोमीटरवर आहे, मी तिथल्या लायब्ररीत सायकलवरून जायचे, मोठी जुनी झाडं, सुंदर कॅम्पस. एकेकाळी ते यूएससीशी, स्टॅनफर्डशी एकाच कॉन्फरन्समध्ये खेळायचं हे आता तिथल्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. एकदा दार लागलं की साठ वर्षांत काय होतं ते बघायला तुम्हाला लांब जायला नको. तुम्हाला तेव्हा परत बोलावणारं कोणीतरी होतं म्हणून तुम्ही आज ओरेगन आहात, एवढं तुमच्या बोर्डाच्या मीटिंगमध्ये कोणीतरी बोलायला पाहिजे होतं.

पैशाचं म्हणाल तर मी बिझनेस समजू शकते, मी पण नोकरी करते, जास्त पगार मिळाला तर कंपनी बदलते. पण तुम्ही कंपनी नाही ना. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट दोन्ही एकाच राज्याची सरकारी विद्यापीठं, ओरेगनचं तेच. मी बॉथेलमध्ये राहून या राज्याला जो कर भरते त्यात दोघांचा वाटा आहे. एका हातानं दुसऱ्या हाताचं बोट कापायचं आणि वर सांगायचं की अंगाचा फायदा झाला, हे कसं चालेल? कॅलिफोर्नियात निदान रिजंट्सनी, म्हणजे या दोघांच्या वरच्या बोर्डानं, एवढं तरी केलं की यूसीएलएनं कॅलला वर्षाला दहा मिलियन डॉलर द्यावेत, तीन वर्षं, कारण एकाच घरातल्या दोघांपैकी एकजण उठून गेल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं. आमच्या राज्यात तेवढं सुद्धा कोणाला सुचलं नाही. उलट आमच्या दोघांना कोर्टात जावं लागलं, कोलफॅक्सला, अडीच-तीन हजार वस्तीचं तालुक्यासारखं गाव, तिथल्या व्हिटमन काउंटीच्या कोर्टात, आणि तिथल्या न्यायाधीशांनी सांगितलं की जाणार म्हणून जाहीर केलेल्यांना आता कॉन्फरन्सच्या पैशावर मत देता येणार नाही. राज्याच्या सुप्रीम कोर्टानं पण त्यात हात घातला नाही. शेवटी तडजोड झाली, तुमच्या दहा जणांकडून मिळून ६५ मिलियन डॉलर कॉन्फरन्सकडे राहिले. मला तो निकाल लागला त्या दिवशी आनंद झाला, पण भावाभावांची केस जिंकल्यावर होतो तसा, म्हणजे पेढे वाटावेसे वाटत नाहीत.

आणि त्यानंतर काय झालं तेही तुम्ही बघितलं पाहिजे, कारण तुम्ही निघून गेल्यावर मागं वळून बघितलं असं मला वाटत नाही. ओरेगन स्टेटचे कोच मिशिगन स्टेटला गेले, वर्षभरानं आमचे वेक फॉरेस्टला गेले. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि प्रो टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर निवडला गेला, त्याच्या पाठोपाठचा जॉन मटीर ओक्लाहोमाला गेला. त्या पोरांना मी दोष देत नाही, घर फिरलं की वासे फिरतात. मॅच मिळाव्यात म्हणून माउंटन वेस्ट कॉन्फरन्सला आमच्या दोघांनी १४ मिलियन डॉलर दिले, नुसतं एका सीझनचं वेळापत्रक भरायला. २०२५ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन स्टेटनं ॲथलेटिक्समधले उड्या आणि फेकीचे सगळे प्रकार बंद केले, स्प्रिंट आणि हर्डल्सवर पण कात्री लावली. लांब उडी मारणाऱ्या पोरीचा फुटबॉलच्या टीव्ही डीलशी काय संबंध हो? तिनं कोणाचं काय बिघडवलं होतं?

आणि तरी त्याच वर्षी ओरेगन स्टेटची बेसबॉल टीम, जिला कॉन्फरन्सच नव्हती, जी सीझनभर मिळेल तिथं जाऊन खेळत होती, ती कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे देशातल्या शेवटच्या आठ टीमपर्यंत, पोचली.

आता मुद्द्यावर येते, कारण नुसतं रडगाणं गायला मी बसले नाही. माझी मुलगी आठवीत आहे, व्हॉलीबॉल खेळते, क्लबच्या टीममध्ये आहे, आणि तिच्या टीमच्या मोठ्या पोरींना कॉलेजं बघतायत. मागच्या वर्षी आमच्या डायनिंग टेबलवर त्या तिघी-चौघी लॅपटॉप उघडून बसल्या होत्या, कुठल्या कॉलेजची टीम कुठं कुठं खेळायला जाते ते बघत, आणि त्यातली एक सहज म्हणाली, काकू, सिएटलची टीम मॅच खेळायला न्यू जर्सीला जाते, मग लॅबच्या दिवशी काय करतात? मी म्हटलं विमानात अभ्यास करत असतील. पण रात्री मी नकाशा काढून बघितलं, सिएटल ते न्यू जर्सी चार हजार किलोमीटरच्या जवळपास आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी सरळ रेषेत तीन हजारांच्या आत येतं! म्हणजे एका कॉलेजची व्हॉलीबॉलची पोरगी एका मॅचसाठी भारताच्या लांबीपेक्षा जास्त उडते, घड्याळात तीन तासांचा फरक, आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी ऑर्गॅनिक केमिस्ट्रीची परीक्षा. स्टॅनफर्डची टीम मायामीला, बॉस्टनला. यूसीएलएची मेरीलँडला. ही पोरं बहुतेक करून प्रो होणार नाहीत, ती शिकायला आलीत, डॉक्टर होतील, इंजिनियर होतील, शिक्षिका होतील, आणि त्यांना फुटबॉलच्या शेपटीला बांधून तुम्ही सगळ्या देशभर फिरवताय.

फुटबॉलची टीम निदान आठवड्यात एक मॅच खेळते, सीझनला बाहेरगावच्या पाच-सहा, आणि स्वतंत्र विमानानं जाते. सॉफ्टबॉलचं तसं नाही, व्हॉलीबॉलचं नाही, टेनिसचं नाही. मग त्यांना तिकडे न्यायची गरज काय? बिग टेननं सात अब्ज काही टेनिससाठी मोजलेले नाहीत.

आमच्याकडे घराच्या वाटण्या होतात. भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, मधे भिंत पण घालतात, कधी कधी वर्षभर बोलत नाहीत. पण गणपती एकच असतो. तो मूळ घरी बसतो, आणि मुंबईचा, पुण्याचा, सुरतेचा जो कोण असेल तो चतुर्थीला त्या घरी येतो, आरतीला सगळे एका ओळीत उभे राहतात. माझ्या आजोबांची आणि धाकट्या आजोबांची बांधावरून केस चालू होती तेव्हा सुद्धा मोदक एकाच चुलीवर उकडले जायचे, दोन्ही आज्या एकमेकींशी न बोलता शेजारी बसून पाकळ्या पाडायच्या. मी स्वतः बघितलंय. पाकळी फाटली की एक आजी दुसरीकडे नुसतं ताट सरकवायची आणि दुसरी ती नीट करून परत ठेवायची.

तसं करा. फुटबॉलची चूल वेगळी केलीत, ठीक आहे, ती आता परत एक होणार नाही हे मला पण कळतं. पण बाकीचे सगळे खेळ मूळ घरी आणा. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर, टेनिस, पोहणं, ॲथलेटिक्स, बेसबॉल, हे सगळं पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉलेजांनी एकमेकांत खेळावं, तुम्ही आणि आम्ही. आणि हे माझं स्वप्नरंजन नाही बरं का, तुम्ही स्वतः हे करताय. पुरुषांच्या वॉटर पोलोत यूएससी, यूसीएलए, स्टॅनफर्ड आणि कॅल आजही एकमेकांशी खेळतात, माउंटन पॅसिफिक नावाच्या वेगळ्या फेडरेशनमध्ये, पुरुषांच्या व्हॉलीबॉलमध्ये यूएससी, यूसीएलए आणि स्टॅनफर्डचं पण तसंच आहे, कारण बाकी देशात ते खेळ फारसे नाहीतच. तिथं फुटबॉल कुठं आणि वॉटर पोलो कुठं यानं कोणाचं काही अडलं नाही. कायदा आड आला नाही, एनसीएए आड आली नाही, बिग टेन आड आली नाही. मग वॉटर पोलोच्या पोरांना जे मिळतं ते सॉफ्टबॉलच्या पोरींना का नाही?

मला कोणी म्हणेल की त्या खेळांचे पण टीव्ही राइट्स गेलेत, बिग टेन नेटवर्कला तासन्‌तास भरायला मॅच लागतात. बरोबर आहे. पण ओरेगन आणि वॉशिंग्टनला बिग टेनचा पूर्ण वाटा मिळत नाही, सुरुवातीला तीस मिलियनच्या आसपास आणि मग दरवर्षी एक-एक वाढत जाणार, स्टॅनफर्ड-कॅलला तर एसीसीच्या टीव्हीच्या पैशातला पहिली सात वर्षं तीस टक्केच वाटा. त्यातून विमानाची तिकिटं, हॉटेलं, बुडालेले वर्ग हे सगळं वजा करून बघा. तुमच्याकडे इकॉनॉमिक्सचे एवढे मोठे प्रोफेसर आहेत, त्यांच्याकडून एकदा हा हिशोब खुला करून घ्या आणि सगळ्यांना दाखवा, खेळागणिक, काय मिळालं आणि काय गेलं.

दुसरं मागणं ॲपल कपचं, आणि हे फक्त वॉशिंग्टनच्या मंडळींसाठी.

१४ सप्टेंबर २०२४ ला मी, नवरा आणि मुलगी सिएटलला लुमेन फील्डवर होतो, कॉन्फरन्स फुटल्यानंतरचा पहिला ॲपल कप. मुलीनं माझी जुनी क्रिमसन टोपी घातली होती. आम्ही २४-१९ नं पुढे, शेवटचा मिनिट उरलेला, आणि हस्कीजचा बॉल आमच्या एका यार्डावर, चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा चान्स. एक यार्ड म्हणजे एक पाऊल! माझ्या शेजारी जांभळ्या जर्सीतले एक काका उभे होते, पूर्ण मॅचभर आम्ही एकमेकांकडे बघितलं नव्हतं, आणि त्या क्षणाला त्यांनी पण डोळे मिटले आणि मी पण. आवाजावरून कळलं. आमच्या पोरांनी अडवलं होतं. मी डोळे उघडले तर काका माझ्या मुलीकडे बघून म्हणाले, पुढच्या वर्षी पुलमनला येतो, बघून घेऊ. आणि पुढच्या वर्षी खरंच तुम्ही पुलमनला आलात आणि ५९-२४ नं धुतलंत. मी रडले नाही. परत येताना २६ नंबरच्या रस्त्यावर, रात्रीचं, दोन्ही बाजूला कापलेला गहू, पुढे मागे लाल आणि जांभळे झेंडे लावलेल्या गाड्या एका रांगेत सिएटलकडे चाललेल्या, एका गॅस स्टेशनवर सगळे एकत्र उभे राहून कॉफी पीत होते. साडेचार-पाच तासांचा रस्ता आहे तो. पिढ्यान्‌पिढ्या लोक तो रस्ता या एका मॅचसाठी तुडवतायत.

तुम्ही करार केलाय २०२८ पर्यंतचा. पाच वर्षांचा करार ही मेहरबानी नाही, पण केलात त्याबद्दल मनापासून आभार मानते, कारण तेवढाही केला नसता तरी तुम्हाला कोणी विचारलं नसतं. आता २०२८ नंतरच्या तारखा लिहा. नऊ कॉन्फरन्स मॅच, वर दोन-तीन बाहेरच्या, त्यातली एक कायमची आमची, त्यात तुमचं काय जातं? आणि ती शक्यतो नोव्हेंबरमध्ये घ्या, सप्टेंबरच्या उन्हात ॲपल कप बरोबर वाटत नाही, सफरचंदं उतरून झालेली असावीत, श्वासाची वाफ दिसावी. ओरेगनच्या मंडळींनी पण ओरेगन स्टेटबरोबरची मॅच, जी १८९४ पासूनची आहे, तशीच कायमची करावी. ती बंद पडली तर युजीन आणि कॉर्व्हॅलिसच्या मधल्या त्या तासाभराच्या रस्त्यावर लोकांना काय सांगणार तुम्ही?

आमचं बरं चाललंय, काळजी नसावी. १ जुलै २०२६ पासून नवीन पॅक-१२ उभी राहतेय, बॉइसी स्टेट, फ्रेझनो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोराडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट, आणि फुटबॉल सोडून बाकी खेळांना गोंझागा. नाव तेच. आणि आमचा तो मोठा क्रिमसन झेंडा २००३ पासून ईएसपीएनच्या कॉलेज गेमडे या फुटबॉलच्या कार्यक्रमात मागे सीझनच्या दर शनिवारी फडकतोय, कार्यक्रम कुठल्याही गावात असो, कोणी ना कोणी कूग तो खांद्यावर टाकून तिथं पोचतोच. तो तुमच्या कॅम्पसवर पण येईल तेव्हा हाकलू नका.

पत्राचं उत्तर द्यावं ही विनंती. अध्यक्षांनी स्वतः नाही दिलं तरी चालेल, पण २०२८ नंतरच्या ॲपल कपचं आणि सॉफ्टबॉल-व्हॉलीबॉलच्या हिशोबाचं काय, एवढं लेखी कळवा. माझी मुलगी २०३० ला कॉलेजला जाईल. व्हॉलीबॉल पुढे खेळायचं की नाही ते आम्हाला घरी ठरवायचंय.

कळावे,

आपली,
पलूसची एक कूग, एमएस २०१०
सध्या मुक्काम बॉथेल, वॉशिंग्टन

गो कूग्ज.